आ करा

सुरतेत, पांडेसऱ्यातल्या एखाद्या गल्लीतल्या दवाखान्यात संध्याकाळी, पाळी सुटायच्या वेळी, थोडा वेळ बसलं तरी चार-पाच भाषा कानावर पडतात. गंजामहून आलेला उडिया लूम कारागीर असतो. डाइंग मिलमधला, उत्तर प्रदेशाकडचा भय्या असतो. नंदुरबार-अमळनेरकडची, घरात अहिराणी बोलणारी बाई पोराला कडेवर घेऊन उभी असते. तेलुगू बोलणारं एखादं कुटुंब असतं, आणि मूळचा सुरतीही. डॉक्टर ज्याला त्याला त्याच्या भाषेत विचारपूस करतात. पण घसा दुखतो म्हटलं की सगळ्यांना एकच सांगणं होतं : तोंड उघडा आणि 'आ' करा.

हा 'आ' नुसता सवयीचा नाही. 'ई' म्हणताना जीभ पुढून टाळूकडे चढते. 'ऊ' म्हणताना ओठ आवळले जातात आणि जिभेचा मागचा भाग वर येतो. 'आ' म्हणताना मात्र जबडा खाली उतरतो, जीभ तळाशी निजते आणि मऊ टाळू वर उचलला जातो. घशाची मागची भिंत दिसायला एवढी मोकळी वाट दुसरा कुठलाच स्वर देत नाही. आणि हा स्वर उडियातही आहे, तेलुगूतही, भोजपुरीतही. दवाखान्याच्या त्या बाकावर बसलेल्या सगळ्यांना न शिकवता जमणारा असा एवढाच उच्चार असावा.

आत काय दिसतं, ते आपण स्वतः सहसा पाहत नाही. दात पाहतो, कारण हसताना ते लोकांना दिसतात. गालाच्या आतली बाजू कोण पाहतं? तिथं वरच्या दुसऱ्या दाढेसमोर एक बारीक उंचवटा असतो. कानापुढच्या लाळग्रंथीची नळी त्या ठिकाणी उघडते. अशा मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या, एक कानापुढे, एक जबड्याखाली, एक जिभेखाली, मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ देतात. वर टाळू. त्याचा पुढचा भाग हाडाचा, मागचा निव्वळ स्नायूंचा, आणि त्या मऊ भागाच्या टोकाला पडजीभ. तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन कमानी आणि कमानींच्या मधल्या कोनाड्यात टॉन्सिल. जिभेच्या पार मागे, इंग्रजी व्ही अक्षराच्या मांडणीत, आठ ते बारा ठळक पुटकुळ्या असतात. आरशात त्या पहिल्यांदा दिसल्या की माणूस घाबरतो, गाठी आल्या समजतो. त्या चव घेणाऱ्या, जन्मापासूनच्या. आपल्याच तोंडाशी इतकी कमी ओळख असते.

जुन्या वैद्यांची ओळख याहून बरी होती, असं सुश्रुतसंहिता चाळताना वाटतं. निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात तोंडाचे 65 रोग मोजले आहेत आणि ते सात जागी वाटून दिले आहेत : ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, कंठ, आणि सबंध तोंडाला व्यापणारे. एकट्या कंठाच्या वाट्याला 17. आजच्या शास्त्राला ती वर्गवारी जशीच्या तशी चालणार नाही. पण एवढ्या लहान पोकळीत सात वेगळे मुलूख पाहायचे तर कुणीतरी पुष्कळ माणसांना उन्हाकडे तोंड करून बसवलं असणार आणि धीरानं आत डोकावलं असणार.

तोंडाचा दुसरा नकाशा आपल्या प्रत्येकाच्या पाटीवर होता. सुरत महानगरपालिका गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू, इंग्रजी आणि मराठी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. त्यांतल्या मराठी शाळेत पहिलीचं पोर क ख ग घ म्हणत पुढे जातं, तेव्हा ते आपल्याच तोंडात मागून पुढे चालत असतं. 'क' जिभेच्या मुळाशी, मऊ टाळूला टेकून. 'च' त्याच्यापुढे. 'ट' जिभेचं टोक वर वळवून. 'त' दातांपाशी. 'प' ओठांवर. पाठ्यपुस्तकं पहिल्या वर्गाला कंठ्य म्हणतात. 'पाणिनीय शिक्षा' या उच्चारशास्त्राच्या जुन्या ग्रंथानं तो जिभेच्या मुळाशी नेमला आहे, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीनं तेच अधिक नेमकं आहे. त्या शिक्षेत वर्णांची आठ स्थानं सांगितली आहेत, छातीपासून ओठांपर्यंत. उच्चार कसा करावा याचा दाखलाही तिथंच आहे : वाघीण आपली पिल्लं दातांत धरून नेते, ती खाली पडू देत नाही आणि त्यांना दात लागूही देत नाही, तसे वर्ण धरावेत. वाचेबद्दल इतकं हळुवार आणि इतकं शरीराला धरून बोललेलं मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

पांडेसऱ्यात हा नकाशा रोज, रस्त्यावर उलगडतो. सुरती माणूस बोलता बोलता 'स'चा 'ह' करतो, सुरतला हुरत म्हणतो. जिभेचं टोक दातांमागे नेऊन हवा घासायची, ते काम तो सोडून देतो आणि आवाज थेट स्वरयंत्रापाशी काढतो. खानदेशी माणूस 'ळ'चा 'य' करतो. डोळा त्याच्या तोंडी डोया होतो, काळा काया होतो. जीभ मागे वळवण्याऐवजी तिचा मधला भाग नुसता टाळूजवळ नेला की झालं. हिंदीवाल्याकडे 'ळ' नाही, उडियाकडे आहे, गुजरातीकडे आहे. चाकातला 'च' आणि चहातला 'च' वेगवेगळ्या जागी लावायची मराठी खोड पोरं शाळेत येण्याआधीच आईकडून घेऊन आलेली असतात. म्हणजे मूळ सामान सगळ्यांचं एक. त्याच आठ स्नायूंच्या जोड्यांची जीभ : चार जोड्या जिभेच्या आतल्याआत तिचा आकार बदलणाऱ्या, चार जोड्या तिला बाहेरून हाडांशी बांधून पुढे-मागे, वर-खाली नेणाऱ्या. कोण कुठल्या गावाचा हे तिच्या अर्ध्या सेंटिमीटरच्या हालचालीवरून कळतं. सुरत-भुसावळ लाईनवरून ट्रंक आणि वळकटी घेऊन उतरलेल्या माणसानं सोबत जे आणलं त्यातलं सगळ्यात टिकाऊ हेच म्हणावं लागेल. शेती गावात राहिली, घर भाड्याचं झालं, कपडे इथल्या मिलचे झाले. बोलताना जिभेनं टाळूला कुठं टेकायचं, ते तेवढं अजून गावाचं आहे.

आता थोडं खाली, घशात. इथं एक अवघड रचना आहे. नाकातून येणारी हवा पुढच्या नळीत, म्हणजे श्वासनलिकेत जायची असते, आणि तोंडातून येणारा घास मागच्या अन्ननलिकेत. दोघांच्या वाटा घशात एकमेकींना छेदतात. चार्ल्स डार्विननं 1859 च्या आपल्या ग्रंथात याबद्दल आश्चर्य नोंदवलं आहे : आपण गिळतो तो प्रत्येक कण श्वासनलिकेच्या तोंडावरून, फुप्फुसात पडण्याची जोखीम घेऊन जातो. एका घोटाचं काम घशात जेमतेम सेकंदाचं. पण तेवढ्यात मऊ टाळू वर जाऊन नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, स्वरतंतू मिटतात, त्यांच्यावर झाकण येतं, श्वास थांबतो, अन्ननलिकेचं दार उघडतं, आणि सगळं पुन्हा पूर्ववत. झोपेतसुद्धा अधूनमधून हे चालूच असतं. हनुवटीच्या खाली, गळ्याच्या वरच्या भागात एक घोड्याच्या नालेसारखं हाड आहे. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हाडाशी त्याचा सांधा नाही. स्नायू आणि तंतूंवर तरंगणारं ते हाड दर घोटाला वर-खाली होतं. बोट ठेवून गिळलं तर हाताला लागतं.

तान्ह्या बाळाचं स्वरयंत्र बरंच वर, नाकाच्या मागच्या वाटेजवळ असतं. दूध ओढता ओढताही त्याचा श्वास फारसा अडत नाही. पहिल्या काही वर्षांत स्वरयंत्र खाली उतरतं आणि त्याच्या वर घशाची लांब पोकळी मोकळी होते. आपले स्वर घडतात त्यात या पोकळीचा मोठा हात आहे. बोलणं मिळतं त्याच वयात ठसका लागण्याचा धोकाही वाढतो. निसर्गानं हा सौदा का केला, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मला त्यात एवढंच दिसतं की, घास आणि शब्द यांचं नातं शरीरातच इतकं जवळचं आहे. पोटासाठी गाव सोडून बोलीच्या बाहेर आलेल्या माणसांच्या वस्तीत ते जास्त जाणवतं.

पांडेसऱ्याचं मुख्य काम कापडाचं. जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीत डाइंग-प्रिंटिंगच्या मिल आहेत. आजूबाजूला, बमरोली-उधन्याच्या बाजूला, लूमची खाती. लूमच्या खात्यात आवाज 90 डेसिबलच्या वर असतो. भारतात कारखान्यासाठी आठ तासांची मर्यादा 90 डेसिबलची धरतात, आणि इथली पाळी बहुधा बारा तासांची. त्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडायचं. माणूस भोवतीच्या गोंगाटानुसार आपोआप आवाज चढवतो, आणि दोन स्वरतंतू एकमेकांवर जोरजोरानं आपटत राहतात. पुरुषाच्या साध्या बोलण्यात ते सेकंदाला सुमारे शंभर ते सव्वाशे वेळा मिटतात-उघडतात, बाईच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास. रोज तासन् तास ओरडून त्यांच्या कडांवर सूज येते, पुढे गाठी धरतात, आवाज बसतो. म्हणून खात्यात माणसं हातानं बोलतात, भुवयांनी बोलतात आणि ओठांनी बोलतात. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांतल्या विणकर बायकांनी ओठ ठळक हलवून, आवाज न काढता बोलायची रीतच पाडली होती. तिला त्या मुलखात मी-मॉइंग म्हणत. समोरच्याच्या ओठांवर 'प' आणि 'म' दिसतात, 'क' आणि 'ग' दिसत नाहीत. ते आत, मागे होतात. 'प', 'ब' आणि 'म' तर एकसारखेच दिसतात. तरीही माणसं समजून घेतात, कारण रोज शेजारी उभं राहून एकमेकांची तोंडं त्यांना पाठ झालेली असतात.

आणि या तोंडात मावा भरलेला असतो.

यापुढचं लिहिताना मी अडखळतो, कारण या विषयावर माणसांना ओरडण्याची सगळ्यांना सवय आहे, आणि ते ओरडणं बहुतेकदा रात्रपाळी न केलेल्यांचं असतं. रात्री दोनला आठ-दहा लूमवर नजर ठेवून उभं राहायचं, डोळा लागला तर कापडात दोष आणि पगारात कपात. तंबाखूनं झोप जाते, भूक मरते, तोंडाला चाळा राहतो, आणि जेवणापेक्षा ती स्वस्त पडते. गल्ल्यावरचा माणूस कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात बांधून देतो, तोच मावा; घेणारा तो तळहातावर घोटत घोटत खात्यात शिरतो. महाराष्ट्रानं आणि गुजरातनं 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली. त्यानंतर पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची वेगळी पुडी, अशा दोन पुड्या शेजारी लटकू लागल्या. घेणाऱ्यानं त्या तोंडात एकत्र करायच्या. मावा तर गुटख्याआधीही हातानंच बनत होता. दोष फक्त खाणाऱ्याच्या कपाळी मारणं मला मान्य नाही. पण त्याच्या तोंडात काय घडतं, ते त्याला कुणी नीट, रागावल्याशिवाय सांगितलेलं नसतं. तेवढं सांगणं आपलं काम आहे.

गालाच्या आतलं अस्तर मऊ आणि ताणलं जाणारं असतं. त्याच्याखाली थोडे तंतू असतात. शरीर ते बनवतं आणि जुने मोडून टाकतं, दोन्ही कामं सारखी चालू. सुपारीतला ॲरेकोलिन नावाचा अर्क हे तंतू बनवणाऱ्या पेशींना उत्तेजित करतो आणि मोडण्याचं काम मंदावतो. सुपारीत तांब्याचं प्रमाण जास्त असतं. ते तांबं अशा एका विकराला बळ देतं, जे तंतूंना एकमेकांशी जखडतं, आणि जखडलेला तंतू सहजी मोडत नाही. चुन्यानं अस्तर सोलवटतं, आणि अर्क आत लवकर शिरतो. हळूहळू गालात दोर ताणल्यासारखे पट्टे हाताला लागतात. अस्तर पांढुरकं, संगमरवरासारखं दिसू लागतं. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात.

याची पहिली खूण तिखटात असते. खानदेशी माणसाचं जेवण म्हणजे कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, शेवभाजी, ठेचा. आणि एक दिवस तो ताटावरून हात मागे घेतो. 'तोंड जयस,' म्हणतो. घरची बाई भाजीत मिरची कमी करते. पुढच्या महिन्यात आणखी कमी. मुलांसाठी वेगळी आणि त्याच्यासाठी वेगळी भाजी होऊ लागते. कुणाला वाटतं उष्णता वाढली, कुणाला वाटतं पित्त झालं. गुलकंद आणला जातो. कितीतरी घरांत हीच वर्षं हातची निसटतात, कारण दुखणं नसतं, सूज नसते, फक्त मिरची सोसत नाही.

मग ज्या नकाशावरून पहिलीचं पोर मागून पुढे चालत गेलं, त्याच नकाशावर हे तंतू एकेक ठाणं घेतात. मऊ टाळू ताठरतो, नाकाची वाट नीट मिटत नाही, बोलणं गेंगाणं होतं. पडजीभ आक्रसून कळीएवढी उरते. कमानी घट्ट होतात, घोट अडखळतो. मऊ टाळूच्या स्नायूंवर कानाची नळी उघडण्याचंही काम असतं. ते बिघडलं की कानाला दडे बसल्यासारखं वाटतं, आणि माणूस कानाच्या तक्रारीसाठी वेगळं औषध घेत राहतो. जीभ दातांबाहेर पूर्ण निघत नाही, वर वळत नाही. ओठांभोवती कडं आवळल्यासारखं होतं; शीळ घालता येत नाही, फुंकर घालता येत नाही. शेवटी जबडाच उघडेनासा होतो. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये आपली तीन बोटं उभी, एकावर एक, जायला हवीत. दोन जात असतील तर डॉक्टरकडे जायची वेळ झाली आहे. एकच जात असेल तर ती वेळ मागे गेली, तरीही जायचंच. ज्या माणसाचं तोंड एका बोटाएवढं उघडतं, त्याला घशाची तपासणीही नीट करून घेता येत नाही. डॉक्टरानं 'आ' म्हणायला सांगितलेलं त्याला ऐकू येतं, तो ओठ हलवतो, आणि दात जागचे हलत नाहीत.

या रोगाची नोंद पहिल्यांदा झाली ती स्थलांतरितांतच. 1952 मध्ये श्वार्त्झ नावाच्या डॉक्टरनं केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात हे पाहिलं. दुसऱ्याच वर्षी मुंबईत डॉ. जोशी यांनी टाळू आणि कमानींमधल्या या आजाराचं वर्णन करून त्याला आजचं नाव दिलं. त्या पाच स्त्रिया होत्या, ही गोष्ट मला वारंवार आठवते. आपल्या घरांत बायका तंबाखू खात नसल्या तरी जेवणानंतरची सुपारी कुणी व्यसनात धरत नाही. मुलांच्या हातावर गोड सुपारी सहज ठेवली जाते. हा आजार व्हायला तंबाखूची गरज नाही, सुपारी पुरते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये नुसत्या सुपारीलाही माणसाला कर्करोग देणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. सुपारीविना आपलं लग्न लागत नाही, पूजा होत नाही, पाहुण्याचा मान पुरा होत नाही. गणपती म्हणून ती पाटावर बसू दे; तोंडात जायची रीत तेवढी थांबवायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

केरळात सबम्युकस फायब्रोसिसच्या रुग्णांचा 17 वर्षं पाठपुरावा झाला, तेव्हा त्यांच्यातल्या 7.6 टक्क्यांना पुढे कर्करोग झाला. बाकीच्यांना झाला नाही, हेही सांगितलं पाहिजे, कारण भीतीनं गोठलेला माणूस तपासायलाच येत नाही. पण देशाचा आकडा लहान नाही. ग्लोबोकॅन या कर्करोगाच्या जागतिक आकडेवारीच्या 2020 च्या अंदाजात भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 35 हजार नवे रुग्ण होते, जगाच्या एकतृतीयांशाहून जास्त. पाश्चात्त्य देशांत तो जास्त करून जिभेवर किंवा तिच्या खाली दिसतो. आपल्याकडे जिथं तंबाखू-सुपारीची गोळी धरून ठेवतात, त्या गाल आणि हिरडीच्या खाचेत. मराठी घरांना यासाठी दूरची उदाहरणं लागत नाहीत. शरद पवारांना 2004 मध्ये तोंडाचा कर्करोग निघाला, ते त्यातून उठले, आणि तंबाखूच्या सवयीबद्दलचा पश्चात्ताप त्यांनी जाहीर सभांतून बोलून दाखवला. आर. आर. आबा त्याच रोगानं 16 फेब्रुवारी 2015 ला गेले. एकाचा आवाज थोडा अस्पष्ट झाला पण राहिला. दुसरा, तासगावच्या मातीचा, सभेत सरळ काळजाला भिडणारा, थांबला.

पाहणं किती उपयोगाचं, हे सिद्ध झालेलं आहे. तिरुअनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून एक मोठा प्रयोग झाला. प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते घरोघर गेले आणि त्यांनी लोकांच्या तोंडात नुसतं नीट पाहिलं. यंत्र नाही, सुई नाही. उजेड आणि डोळे. 2005 मध्ये लॅन्सेटमध्ये त्याचे निष्कर्ष आले : तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशानं कमी झाले. पांडेसऱ्यात हे होऊ शकतं. इथं पाळी ठरलेल्या वेळी बदलते, हजारो माणसं एकाच फाटकातून बाहेर पडतात, पगाराची तारीख सगळ्यांना ठाऊक असते. न्यू सिव्हिल आणि स्मिमेर ही दोन मोठी सरकारी-पालिकेची रुग्णालयं याच शहरात आहेत. मिलवाल्यांनी फाटकाशी एक खुर्ची आणि एक दिवा ठेवू दिला तरी पुष्कळ. उडिया, भोजपुरी, अहिराणी बोलणारे तपासनीस इथल्याच वस्तीतून मिळतील. बाहेरून आणायची गरज नाही.

आणि घरी तर कुणाची परवानगी लागत नाही. 1854 मध्ये मान्युएल गार्सिया या गायनाच्या शिक्षकानं दंतवैद्याचा लांब दांड्याचा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशानं सूर्याचा उजेड त्याच्यावर पाडला, आणि गाताना हलणारे आपलेच स्वरतंतू पाहिले. तो डॉक्टर नव्हता. आवाज कुठून येतो एवढीच त्याची तळमळ होती. आपल्याकडे प्रत्येकाच्या खिशात मोबाइलची बत्ती आहे. दात घासून झाल्यावर ओठ उलटून पाहावा, गाल बोटानं बाहेर ओढून पाहावा, जीभ वर उचलून तिच्या खाली आणि दोन्ही कडांना पाहावं. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, कडक लागणारी जागा, हलू लागलेला निरोगी दात, मानेतली गाठ, तीन आठवडे बसलेला आवाज, यांतलं काही आढळलं तर डॉक्टरकडे जावं. बायकोनं नवऱ्याचं पाहावं. नवऱ्यानंही बायकोचं पाहावं, कारण ती मशेरी लावते हे कित्येकदा घरातही बोललं जात नाही.

आखडलेलं तोंड सुटतं का, हा प्रश्न रुग्ण पहिल्याच भेटीत विचारतो. बसलेले तंतू पूर्ण विरघळत नाहीत. मावा आणि सुपारी पूर्ण थांबवली तर आवळणं पुढे सरकायचं मंदावतं, तिखटाची जळजळ बहुतेकांची कमी होते. काहींना तोंडात इंजेक्शनं देतात, फार झालं तर शस्त्रक्रिया करून पट्टे सोडवतात. या सगळ्यांबरोबर, आणि त्यानंतरही, व्यायाम करावाच लागतो. त्याला लागतात आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या. जेवढ्या मावतील तेवढ्या एकावर एक रचून दाढांच्या मध्ये धरायच्या, काही मिनिटं तसंच राहायचं, दिवसातून पुष्कळदा. गालात ताण बसतो, डोळ्यांत पाणी येतं. मग गठ्ठ्यात आणखी एक काडी सरकवायची. एका काडीची जाडी दीड-दोन मिलिमीटर. चमचा उभा आत जायला कितीतरी काड्या लागतात, भाकरीचा घास जायला आणखी. काही जण मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीतही खिशातून गठ्ठा काढून हे करतात. इतरांनी तेव्हा त्यांच्यापुढे मावा करू नये.